हत्तीवरून साखर

खिडकीखालून हत्तीची घंटा ऐकू आली तेव्हा मला वाटलं, खानाची फौज पुन्हा घाट चढली. मी उशाखाली हात घातला. तलवार जागेवर होती.

"पडून ऱ्हावा, बाईसायब," तुळसा सुईण म्हणाली. ती शेगडीत ओवा-शेपा टाकून धुरी करत होती. "साखर वाटत्यात."

"कसली साखर?"

"कसली म्हंजी? लेक झाली न्हवं तुमास्नी! हैबतराव सरकार सोता हत्तीवर बसल्यात. मूठमूठ साखर उधळत्यात."

मी कुशीतल्या लेकराकडे पाहिलं. जगात येऊन तिला एक सकाळ झाली होती आणि तिच्या नावानं सगळ्या गावाचं तोंड गोड होत होतं. मुलगी झाली म्हणून हत्तीवरून साखर वाटणारा दीर मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्याच वाट्याला आला होता.

आमच्या मोरझरी संस्थानात रीत अशी, की राजाला मुलगा झाला तर हत्तीवरून साखर आणि मुलगी झाली तर देवीला एक नारळ. तो नारळही बहुधा नासका निघे. माझ्या लेकीला हत्ती मिळाला तो मायेपोटी नव्हे. माझे यजमान सिदोजीराव, मोरझरीचे राजे, फाल्गुनात घाटातल्या लढाईत पडले. तेव्हा मला सहावा महिना होता. मुलगा झाला तर गादी त्याची, मुलगी झाली तर धाकट्या दिराची, असं थोरल्या दरबारातून, म्हणजे मोरझरी ज्यांची मांडलिक त्यांच्याकडून, ठरून आलं. त्यानंतर चार महिने सगळं घर माझ्या पोटाकडे भरल्या तोफेकडे बघावं तसं बघत होतं. तोफेचा बार फुसका निघाला, म्हणून ही साखर.

दिराचं नाव हैबतराव. नाव ठेवणाऱ्याला मी दोष देत नाही. पाळण्यातलं मूल पुढं काय निघेल हे कुणाला कळतं? घाटातल्या लढाईच्या दिवशी त्यांच्या पोटात दुखत होतं. त्यांच्या पोटात नेहमी लढाईच्याच दिवशी दुखे. सिदोजीराव डाव्या कड्याशी पडले तेव्हा उजवी बाजू मोकळी होती, कारण ती बाजू हैबतरावांची. मग मी माझं रानकोटचं पथक घेऊन खिंडीत उतरले आणि दिवस मावळेपर्यंत ती धरून ठेवली. रानकोट माझं माहेर. वडील तिथले राजे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून भातुकलीच्या वयात त्यांनी माझ्या हातात तलवार दिली आणि लग्नात दागिन्यांच्या जोडीला दोनशे स्वार दिले. दागिने सासूबाईंनी ठेवून घेतले. स्वार मी ठेवले.

सासूबाई म्हणजे थोरल्या आऊसाहेब. सिदोजीराव आणि हैबतराव, दोघेही त्यांच्याच पोटचे. त्यांचं सोवळं इतकं कडक, की त्या पाणीसुद्धा धुऊन पीत असाव्यात असं आम्ही मागं बोलत असू. छावणीत नवऱ्याशेजारी राहुटी ठोकणारी बाई त्यांच्या लेखी सून नव्हतीच, फौजेतली एक आसामी होती. सिदोजीराव गेल्यावर त्या माझ्याशी एकच वाक्य बोलल्या: "पोटात आहे म्हणून सती जाता येत नाही, हे तुमचं नशीब." पोटात नसतं तरी मी गेले नसते. तसं मी त्यांना सांगितलंही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

तर साखर वाटून झाली आणि घराला सोयर आलं. घरात मूल जन्मलं की सगळ्या भाऊकीला दहा दिवस सोयर. मुलगा असो की मुलगी, देवाला शिवायचं नाही, मंगल कार्य करायचं नाही. हे मोरझरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हैबतरावांनी ते मोठ्या हौसेनं पाळायला घेतलं. पहाटेची थंड पाण्याची आंघोळ टळली, पूजेला तास तास मांडी घालून बसणं टळलं. त्यांनी देवघराला कडी घातली आणि कुलदेवीची पूजा गुरवाकडे सोपवली. आषाढाची चतुर्थी होती ती. आणि त्यांच्या अभिषेकाचा मुहूर्त त्याच आषाढाच्या नवमीला होता.

मुहूर्त आधीच काढून ठेवलेला होता, कारण लेकरू जेठात यायचं होतं. ते आलं उशिरा. नवमीनंतर एकादशी, एकादशीपासून चातुर्मास, म्हणजे पुढे कार्तिकापर्यंत मुहूर्त नाही. थोरल्या दरबाराचे वकील राजवस्त्रं घेऊन कधीचे येऊन बसले होते आणि आमच्या कोठीतलं तूप संपवत होते. इकडे सोयर, तिकडे मुहूर्त. या दोन गोष्टी एकमेकींना आडव्या जातात हे कळायला दोन्ही एका डोक्यात मावाव्या लागतात. हैबतरावांचं डोकं तेवढं प्रशस्त नव्हतं.

ते त्यांना नरहरशास्त्र्यांनी सांगितलं. तेही तिसऱ्या दिवशी, कारण तोवर शास्त्रीबुवा दक्षिणेचा हिशेब मनात करत गप्प होते. तुळसाची बहीण मुदपाकखान्यात होती, तिनं सगळं ऐकलं.

"शास्त्रीबुवा म्हनले, 'सरकार, सोयरात अभिषेक होत न्हाई,'" तुळसा मला सांगत होती. "सरकार म्हनले, 'मग सोयर मोडा.' शास्त्रीबुवा म्हनले, 'सोयर कसं मोडनार? मूल कुळातलं हाय तवर सोयर हाय.' आन् तपकीर वढली. मग म्हनले, 'कुळातलं हाय तवर.'"

"पुन्हा तेच?"

"पुन्यांदा त्येच. पन ह्या खेपंला 'तवर'वर जोर दिऊन."

मी उठून बसले. तुळसाला अजून अर्थ लागला नव्हता. मला लागला होता.

दुसऱ्या दिवशी हैबतराव स्वतः माझ्या दारात आले. दारात म्हणजे दारापासून दहा हात लांब, ओसरीच्या टोकाला, नाकाला शेला लावून. बाळंतिणीचा विटाळ वाऱ्यावरून येतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

"वहिनीसाहेब, प्रकृती कशी आहे?"

"कामाचं बोला, भाऊजी. लेकरू आत्ताच झोपलंय."

"काम तसं बारीक आहे." त्यांनी घसा साफ केला. "नवमीला अभिषेक आहे. त्याला हे सोयर आडवं आलंय. शास्त्रीबुवा म्हणतात, मूल कुळातलं असेल तरच सोयर."

"मग?"

"मग नवमीपुरतं आपण असं म्हणू, की ते कुळातलं नाही."

बाळंतपणात बायकांना वात होतो आणि भलतंसलतं ऐकू येतं असं मी ऐकून होते. मी तुळसाकडे पाहिलं. तिचंही तोंड उघडं होतं, म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं.

"कायमचं नाही हो!" हैबतराव घाईघाईनं म्हणाले. "एकदा मी गादीवर बसलो की शास्त्रीबुवा काहीतरी प्रायश्चित्त काढतील, ब्राह्मणभोजन घालू, आणि पोरीला परत कुळात घेऊ. चार दिवसांचा प्रश्न."

"आणि त्या चार दिवसांत तिचा बाप कोण?"

"ते काय... कुणीही. आपण वर्षभर छावणीतच होतात. लोक विश्वास ठेवतील, त्याची काळजी नको."

त्याची काळजी नको! मला धीर द्यावा तसं बोलले. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला निदान समोर माणूस लागतो.

"भाऊजी, बापाचं नाव नसलेली मुलगी या राजवाड्यात कुठे राहते?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. ती बटकींच्या सोप्यात राहते. भांडी घासते, पाय चेपते, आणि पुढं राजघराण्यातल्या कुणाच्या तरी लग्नात हंड्या-कळशांबरोबर आंदण म्हणून जाते. भर दरबारात एकदा "आमची नाही" म्हटल्यावर कुठलं प्रायश्चित्त तिला तिथून वर आणणार होतं? लोकांना साखर वाटलेली चार दिवस आठवते. शेण फेकलेलं पिढ्यान्‌पिढ्या आठवतं.

"कार्तिकात करा अभिषेक," मी म्हटलं. "मुलगी आहे. तुमची गादी ती काही पळवणार नाही."

"चार महिने? चार महिन्यांत थोरल्या दरबाराचं मन फिरलं तर? वकील परत गेले तर?"

"आऊसाहेब काय म्हणतात?"

"त्या काही म्हणत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे नको म्हणत नाहीत," हैबतराव म्हणाले आणि पहिल्यांदाच खुशीत हसले.

मी कूस बदलली. उशाखालची तलवार भिंतीला लागून खणकली, एवढंच. वळून पाहिलं तर ओसरी रिकामी होती.

त्या तलवारीवरून तुळसा पहिल्या दिवशीच माझ्याशी भांडली होती. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवं, पण ते कोयता किंवा विळा, तलवार न्हवं, असं तिचं म्हणणं. पाचवीच्या दिवशी मात्र तिनं तिलाच हळदकुंकू लावलं. पाचवीची पूजा घरच्या वडीलधाऱ्या बाईनं करायची असते. पाट मांडायचा, लोखंड पुजायचं, लेकराला देवीच्या पायाशी ठेवायचं. त्या घरचं म्हणून मूल देवीला तेव्हा कळतं, असं म्हणतात. आम्ही दिवेलागण होईपर्यंत वाट पाहिली. आऊसाहेब आल्या नाहीत.

पूजा तुळसानंच उरकली. नैवेद्य दाखवून ती दाराबाहेर गेली आणि लगेच परत आली.

"थोरल्या हितं होत्या," ती कुजबुजली. "दाराला हात लावून हुब्या होत्या. मला बघून माघारी वळल्या."

"काही बोलल्या?"

"न्हाई. डोळं पुसलं आसंल, न्हाईतर पदर सावरला आसंल. अंधार हुता."

मी म्हटलं, पदरच सावरला असेल. सोवळ्याचा पदर दाराला लागला म्हणून. त्या बाईकडून मला काही नको होतं आणि काही मिळेल असं वाटतही नव्हतं.

नवमीला सकाळी चौघडा सुरू झाला. मी न्हायले, लेकराला दुपट्यात गुंडाळलं आणि तलवार कमरेला बांधली. बाळंतपणानं कंबर अशी भरली होती की पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. तुळसा आडवी आली.

"बाईसायब, अजून दिस फिटलं न्हाईत. असं भाईर जात न्हाईत. समद्यास्नी इटाळ हुईल!"

"होऊ दे," मी म्हटलं. "आज माझ्याकडे तेवढंच हत्यार आहे."

दारावर दोन पहारेकरी होते. मी बाहेर पडू नये म्हणून हैबतरावांनी ठेवलेले. मी उंबरठ्याबाहेर पाय टाकला तसे दोघे पाठीनं भिंतीला चिकटले. "बाईसाहेब, लांबून! जरा लांबून!" असं एकजण कळवळून म्हणाला. मी लांबून गेले.

अभिषेकाआधी एक प्रश्न विचारायची रीत आहे. शास्त्री यजमानाला तीनदा विचारतात, "कुळात सोयर-सुतक नाही ना?" यजमानानं तीनदा "नाही" म्हणायचं. आजवर तिकडे कुणाचं लक्षही नसायचं. तोवर लोक पंगतीत काय काय आहे याची चौकशी करत असत. पण त्या दिवशी दरबारात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. साखर सगळ्यांनीच खाल्ली होती ना.

मी दाराशी पोचले तेव्हा दोनदा "नाही" म्हणून झालं होतं. पीतांबर नेसलेले हैबतराव चौरंगावर बसले होते, समोर सात नद्यांच्या पाण्याचे कलश, मागे गादी. गादीच्या डाव्या हाताला चिकाचा पडदा, त्याच्यामागे आऊसाहेब आणि घरच्या बायका. उजव्या हाताला थोरल्या दरबाराचे वकील, जांभई दाबत. शास्त्रीबुवांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

मी चालू लागले.

मी लढाया पाहिल्या आहेत. तोफेच्या माऱ्यापुढं रांगा फुटताना पाहिल्या आहेत. पण मोरझरीचा दरबार त्या दिवशी जसा फुटला तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही. मानकरी, सरदार, जहागीरदार, मिशांना पीळ भरून आलेली सगळी मंडळी माझ्या दोन्ही बाजूंना कोंबड्यांसारखी उडाली. एकजण खांबामागं गेला. एकानं दुसऱ्याला पुढं ढकललं. शास्त्रीबुवा, वय वर्षं सत्तर, एका उडीत कलशांपलीकडे गेले. पाच दिवसांच्या पोरीला घेऊन एक बाई चालत होती आणि तिच्या पदराचा वारा लागू नये म्हणून शूर मराठे श्वास रोखून उभे होते. त्यांच्यात माझे रानकोटचे स्वारही होते. ते तेवढे जागचे हलले नाहीत, त्यांनी माना खाली घातल्या.

हैबतराव पीतांबर गोळा करून चौरंगावरून खाली उतरले. मी त्यांच्या बाजूनं गेले, दोन पायऱ्या चढले आणि गादीवर बसले. लेकरू रडायला लागलं होतं. भुकेला मुहूर्त कळत नाही. मी पदर घेतला आणि तिला पाजायला घेतलं.

"ओढा तिला खाली!" हैबतराव ओरडले. आवाज चिरकला. "अरे, बघता काय? ओढा!"

कुणी हललं नाही. कुणाला माझ्या तलवारीची भीती होती, कुणाला आंघोळीची. दुरून फरक ओळखता येत नव्हता.

वकिलांची जांभई मात्र पळाली. "हे मूल कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आमचं नाही," हैबतराव म्हणाले.

"मग साखर कुणाची वाटलीत, भाऊजी?" मी विचारलं.

"साखर... साखर अशीच वाटली."

"हत्तीवरून?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"आणि पाच दिवस देवघराला कडी का होती? कुळात सोयर नव्हतं तर देवीला गुरवाच्या हवाली का केलीत?"

हैबतरावांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी कलशांकडे पाहिलं. "पाऊस होता," हैबतराव म्हणाले.

देवघर राजवाड्याच्या पोटात आहे. तिथं जाताना डोक्यावर आभाळ लागत नाही. आता हसणाऱ्यांनी खोकण्याचं सोंगही केलं नाही. पण हसू आलं म्हणून कुणी माझ्या बाजूला आलं असं नाही. वकील म्हणाले, "हे पाहा, पुरावे आम्हाला नकोत. आम्ही घरातलं भांडण सोडवायला आलेलो नाही. घरचं वडीलधारं माणूस सांगेल ते आम्ही धरू. तिसऱ्यांदा नाही म्हणा आणि उरका, नाहीतर वस्त्रं घेऊन आम्ही निघालो." त्यांच्या लेखी माझी लेक म्हणजे उशिरा निघालेली पालखी होती.

"घटका सरत आली," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि गादी मोकळी नाही."

तेव्हा हैबतराव पडद्याकडे वळले. त्यांना वाटलं असावं, आपण हळू बोलतोय. सगळ्या दरबारानं ऐकलं.

"आऊसाहेब, तुम्ही जा. तुम्ही ओढा तिला. तुम्हाला कुठं गादीवर बसायचंय? तुम्ही आंघोळ केलीत की झालं."

मग चीक हलली आणि आऊसाहेब बाहेर आल्या. त्या बाईचा चेहरा दरबारानं तोवर पाहिला नव्हता. दोन पिढ्यांचे मानकरी खाली बघायला लागले. त्या कुणाकडेही न बघता चालत आल्या, कलशांना वळसा घालून, लेकाच्या अंगावरून, थेट गादीपुढं.

मी उजवा हात मुठीवर ठेवला. लेकरू डाव्या हातावर होतं. आजही मला कुणी विचारलं, की तू सासूवर, म्हाताऱ्या विधवा बाईवर तलवार चालवली असतीस का, तर मी हो म्हणेन. लेकराला हात घातला असता तर चालवली असती.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"द्या."

"आऊसाहेब, एक पायरी चढलात तर मी सून आहे हे विसरेन."

त्या पायरी चढल्या नाहीत. त्या खाली बसल्या. सोवळ्यातली ती बाई, जिच्या सावलीवरूनही कुणी जायचं नाही, ती दरबाराच्या उघड्या फरशीवर, पायरीच्या खाली मांडी घालून बसली आणि तिनं माझ्यापुढं पदर पसरला.

मी लढाईत डावपेच ओळखायला शिकलेय. हा डाव असेल का, याचा मी विचार केला. तिच्या हातांकडे पाहिलं. पदराची टोकं धरण्यात दोन्ही हात गुंतले होते. हिसकावणारा एक हात मोकळा ठेवतो. मी दोन पायऱ्या उतरले आणि माझी लेक त्या पदरात ठेवली. मूठ मात्र सोडली नाही.

आऊसाहेबांनी दुपटं बाजूला केलं. खूप वेळ पाहिलं. मग डोकं न वळवता म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय. विचारा."

"आ... आपल्याला, आऊसाहेब?"

"वडीलधारं माणूस विचारलंय ना वकिलांनी? विचारा."

शास्त्रीबुवांनी कलशांपलीकडूनच विचारलं. "कुळात सोयर-सुतक... नाही ना?"

"आहे," आऊसाहेब म्हणाल्या. "आमच्या सिदोजीला मुलगी झाली आहे. आम्हाला नात झाली आहे. सगळ्या भाऊकीला सोयर आहे. कलश उचला."

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वकील वस्त्रं घेऊन परत गेले आणि चार महिन्यांत थोरल्या दरबाराचं मन खरंच फिरलं. कार्तिकात मोरझरीचा कारभार माझ्या हाती आला. हैबतरावांना एक गाव तोडून दिलं, तिथं ते पोटाला औषध घेत सुखानं जगले. माझ्या लेकीचं लग्न मी राजकन्येसारखं लावलं, आणि आंदण म्हणून एकही माणूस दिलं नाही. शाहीर आता गातात, की मी त्या दिवशी भर दरबारात मुंडकी उडवली, रक्ताचे पाट वाहिले. गाऊ देत बिचारे. तलवार म्यानाबाहेर आलीच नव्हती, आणि उडवण्यासारखी मुंडकी त्या दरबारात होती कुठं?

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा सेवक कलश उचलत होते, मानकरी एकमेकांना चुकवत दाराकडे सरकत होते आणि आऊसाहेब तशाच फरशीवर बसून होत्या. हैबतराव धावत आले आणि पाच हातांवर थबकले.

"आऊसाहेब, हे काय केलंत!" ते रडकुंडीला आले होते. "तिला शिवलात तुम्ही! तुम्हाला विटाळ झाला!"

आऊसाहेबांनी मान वर केली नाही. त्या लेकराच्या टाळूवरून हात फिरवत होत्या.

"झाला," त्या म्हणाल्या. "तुझ्या वेळीही झाला होता. तेव्हा वाटलं होतं, दहा दिवसांत फिटेल."